परतीचं देणं

दांडिया बाजारातल्या माझ्या कपाटात
एक कंपनी आहे अजून.
अकरा चोपड्या, एक रबरी शिक्का,
आणि पितळी भोंगा, फुंकला तर धूळ बोलते.

पोतनीस नर्मदा उतार व जलविहार मंडळी,
मुक्काम चांदोद.
अमृतराव पोतनिसांना पोहता येत नव्हतं.
चोपडीत हे नाही, छीतू माछी सांगे:
शेठनं आयुष्यभर नदीकडे
जमाखर्चाच्या बाजूनंच पाहिलं.

डभोईची छोटी गाडी आली की नाव सुटे.
गाडीला उशीर, म्हणून नावेला उशीर,
तोवर पलीकडे राजपिपळ्याच्या नाक्यावरचा जमादार
जेवून झोपलेला.
मग उतारू दोन संस्थानांच्या मधोमध
कुणाचेच नसलेले
शेंगा सोलत बसत.

माणशी एक आणा. जाऊन-येऊन दीड.
शेळीला अर्धा; घाबरली तर धरणाऱ्याचा वेगळा.
नवरदेव माफ, वऱ्हाड नाही.
अस्थींना तिकीट नाही,
आणि त्याखाली वेगळ्या शाईत:
कलश परत नेल्यास भांड्याचा आकार पडेल.

पुनवेला हीच नाव जलविहार होई.
सकाळी राख बसली त्या फळीवर सतरंजी,
वर गॅसबत्ती,
बडोद्याची कुटुंबं चिवड्याचे डबे घेऊन व्यासबेटापर्यंत.
कुणी पेटी काढी. कुणी म्हणे, पाणी किती शांत.
छीतू बांबू खाली सोडून पुटपुटे,
सात हात, नऊ हात, नाही लागत.

मी बासष्टात कारकून म्हणून लागलो.
पहिल्याच ताळेबंदात, देणी या सदरात, तळाशी:
परतीचा प्रवास, एक.
मुनीम टिपणिसांनी जुनी चोपडी काढली.
अडतीस साल, मार्गशीर्ष. तिकीट जाऊन-येऊन.
एक बाई, हिरवं लुगडं, हातात डबा, सोबत कोणी नाही.
पलीकडे उतरली.
पुढचा रकाना कोरा.

म्हटलं, बुडीत खात्यात टाकू या.
टिपणीस चष्म्यावरून बघत राहिले.
नदीकाठी हा शब्द वापरायचा नाही, म्हणाले.
आणि पैसे घेतलेत ना? मग देणं आहे.
आण्यांचे नवे पैसे झाले तेव्हाही
त्यांनी ती ओळ बदलली नाही.
अर्ध्या आण्याचे तीन पैसे होतील हो,
एका फेऱ्याचं काय करता?

सत्तरच्या पुरात दोन नावा गेल्या.
चोपड्या वाचल्या, कारण टिपणीस
त्या डोक्यावर घेऊन मंदिराच्या गच्चीत
दोन रात्री उभे होते. (बसले असतील. ते उभे म्हणत.)
मग पूल झाला.
पहिल्या दिवशी तीन उतारू,
त्यातला एक सवयीनं आलेला.
एक नाव लाकडाच्या भावानं गेली,
दुसरी हमरस्त्यावरच्या हॉटेलात, तिच्यात झेंडू लावले.
सगळ्यांचं चुकतं केलं. सरकारचं, माछ्यांचं, दोरवाल्याचं.
सही करताना हिशेबनीस म्हणाला,
हे एक काय राहिलंय?
मी चोपडी मिटून घरी आणली.

परवा पौषात चांदोदला गेलो.
आता यंत्राच्या होड्या, नारिंगी जाकिटं.
छीतूच्या पणतूनं मला पलीकडे सोडलं.
येतानाच्या दोन जागांचे पैसे दिले.
दुसरं कोण, काका?
थांब जरा, म्हटलं.
काठावर एक म्हैस, धुणी, कुणाचं तरी रडणारं पोर.
हिरवं म्हणाल तर एरंडाची रांग.
अर्ध्या तासानं त्यानं न विचारता यंत्र ओढलं,
माझ्या शेजारची जागा मात्र
कुणाला दिली नाही.

रात्री ती ओळ खोडायला बसलो.
खोडली नाही.
खाली तारीख घातली, आणि लिहिलं:
नाव नेली होती.